दोन मिलिमीटर

मंडळी, गेले चार वीकेंड मी एका दोरीच्या मागे घालवले. लांबी सव्वा मीटर, जाडी शिवणाच्या दोऱ्यापेक्षा थोडी जास्त. ऑफिसात सोमवारी सगळे विचारायचे, "काय रे, ट्रेकला गेला होतास का कर्जतला?" मी म्हणायचो, "नाही, दोरी ओवत होतो." मग पुढे कोणी काही विचारायचं नाही :-)

तर झालं असं की आमच्या कशेळ्याच्या घरी माळ्यावर एक जुना रेडिओ आहे. कशेळे म्हणजे कर्जत-मुरबाड रस्त्यावरचं गाव. रेडिओ आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला. लाकडी पेटी, पुढे पिवळट जाळीचं कापड, मोठी काचेची डायल आणि दोन नॉब. कंपनीच्या नावाची पट्टी कधीच गळून पडली आहे. घरात त्याची एक गोष्ट आहे आणि ती मी लहानपणापासून ऐकत आलोय. पणजोबांनी बेचाळीस साली याच रेडिओवर काँग्रेस रेडिओ ऐकला. पुरावा? डायलच्या काचेवर एक बारीकसा शेंदरी टिपका आहे, बेचाळीस मीटरच्या जवळ. पणजोबांची खूण!

२०२४ च्या मार्चमध्ये उषा मेहतांवरचा 'ऐ वतन मेरे वतन' आला आणि आमच्या रेडिओचा भाव एकदम वधारला. बाबांनी तो सिनेमा दोनदा बघितला. यंदा गावातल्या शाळेने विचारलं, पंधरा ऑगस्टला तो रेडिओ मुलांना बघायला ठेवता येईल का? बाबा लगेच हो म्हणाले आणि मला फोन केला, "तू इंजिनिअर आहेस ना? मग तेवढा चालू करून दे."

आता डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, ही आपल्या पिढीची सार्वत्रिक कथा. शेवटचा सोल्डरिंग गन हातात घेतला तो फायनल इयरच्या प्रोजेक्टला. पण बाबांना नाही कसं म्हणणार? गेलो.

मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं तेव्हा आत कोळ्यांची वसाहत, एक वाळलेली पाल आणि तुटून लोंबणारी दोरी. नॉब फिरवला की नुसताच गरगर फिरायचा, काटा जागचा हलायचा नाही. काटा तर एका कोपऱ्यात तिरका पडला होता.

ज्यांनी असा रेडिओ आतून बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपण नॉब फिरवतो तेव्हा काचेमागचा काटा सरकतो, पण काटा स्टेशन लावत नाही. काटा नुसता दाखवतो. खरं काम करतो तो आतला गँग कंडेन्सर. मेकॅनिक लोक त्याला नुसतं 'गँग' म्हणतात. अर्धगोल पातळ पत्र्यांचा एक संच स्थिर, दुसरा संच त्याच्या मधून फिरणारा. पत्रे पूर्ण आत गेले की कपॅसिटी जास्तीत जास्त, म्हणजे फ्रिक्वेन्सी कमीत कमी. पत्रे बाहेर आले की उलट. पूर्ण फेरी अर्ध्या वर्तुळाची.

गँगचे विभाग दोन. एक एरियलकडून आलेल्या गर्दीतून हवं ते स्टेशन निवडतो. दुसरा रेडिओच्या आतल्या ऑसिलेटरला असा चालवतो की तो नेहमी स्टेशनच्या साधारण ४५५ किलोहर्ट्झ वर राहील. दोन्हींच्या फरकातून कायम एकच फ्रिक्वेन्सी निघते आणि पुढचं सगळं सर्किट त्या एकाच फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेलं असतं. ही सुपरहेटरोडाईनची युक्ती एडविन आर्मस्ट्राँगने पहिल्या महायुद्धात, १९१८ साली काढली. गेल्या शंभर वर्षांतले बहुतेक सगळे रेडिओ याच युक्तीवर चालले. सगळी गुंतागुंत एका ठिकाणी, पुढचा कोड सगळ्यांसाठी सारखा. कुठल्याही आर्किटेक्टला आवडेल असं डिझाईन.

आणि हे दोन विभाग एका दांड्यावर बसवून त्या दांड्याला एक चक्र लावतात. आमच्या रेडिओत ते आठ सेंटीमीटर व्यासाचं आहे. नॉबचा दांडा सहा मिलिमीटरचा. त्यावर दोरीचे अडीच-तीन वेढे, मग दोरी डायलच्या दोन कोपऱ्यांतल्या छोट्या कप्प्यांवरून आडवी जाते आणि चक्रावर येते. चक्राच्या पोटात एक स्प्रिंग असते, ती दोरी ताणून धरते. काचेमागे जी दोरी आडवी धावते, तिच्यावर काटा चिमटीने बसवलेला. आठ सेंटीमीटरच्या चक्राची अर्धी फेरी म्हणजे साडेबारा सेंटीमीटर दोरी. तेवढाच काट्याचा प्रवास, डायलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यासाठी नॉब साडेसहा वेळा फिरवावा लागतो. म्हणून तर बोटाने अलगद एकेक स्टेशन पकडता यायचं.

हे सगळं मला आधी माहीत होतं असं समजू नका. खोपोलीत एक जुने रेडिओ मेकॅनिक आहेत, वय पंचाहत्तरच्या पुढे. दुकान बंद करून वीस वर्षं झाली, पण घरात एका कपाटात अजून व्हॉल्व्ह आहेत. दुसऱ्या शनिवारी चेसिस मांडीवर घेऊन कर्जतहून खोपोली लोकलने त्यांच्याकडे गेलो. शेजारच्या बाईंनी दोन वेळा विचारलं, "हे काय आहे?"

काकांनी चष्मा वर सरकवला, तुटक्या दोरीचा तुकडा बोटात फिरवला आणि म्हणाले, "हा तंगूस आहे. कोणी घातला?"

मी म्हटलं, "बाबांनी असेल. ऐंशीच्या आसपास."

"मासे पकडायला चांगला. रेडिओत नाही. गुळगुळीत असतो, दांड्यावर सटकतो. आणि ताणतो. दोन महिन्यांत दोरी सैल आणि काटा भलतीकडे."

मग त्यांनी पद्धत सांगितली, ती जशीच्या तशी देतो. कोणाच्या माळ्यावर असला रेडिओ असेल तर उपयोगी पडेल. 

आधी दोरीचा मार्ग कागदावर काढायचा. दोरी तुटलेली असली तरी कप्प्यांवरच्या झिजेवरून ती कुठून येते नि कुठे जाते ते कळतं. मग गँगची धूळ मऊ ब्रशने झाडायची. पत्रे अजिबात वाकवायचे नाहीत, एक पत्रा दुसऱ्याला टेकला की त्या जागी स्टेशन मेलं. गँगच्या बेअरिंगमधलं जुनं ग्रीस लाखेसारखं घट्ट होतं, ते पुसून काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. कप्प्यांच्या आसाला अर्धा थेंब, लगेच पुसून घ्यायचा. नॉबच्या दांड्याला मात्र तेलाचा स्पर्शसुद्धा नको, उलट स्पिरिटने कोरडा करायचा, कारण सगळा खेळ दोरीच्या घर्षणावर आहे. दोरी विणलेली नायलॉनची, न ताणणारी. वेढे एकावर एक चढता कामा नयेत. आणि डायलची काच आतल्या बाजूने कधीही पाण्याने पुसायची नाही. गावांची नावं आतून छापलेली असतात. एका ओल्या फडक्यात लंडन, कोलंबो, दिल्ली सगळं साफ!

"आणि काटा कुठे बसवायचा?" मी विचारलं.

"सगळ्यात शेवटी. गँग पूर्ण बंद करायचा, पत्रे सगळे आत. मग काटा डायलच्या शेवटच्या रेघेवर आणून चिमटी दाबायची. बस."

साधी गोष्ट वाटते ना? मलाही वाटली.

तिसऱ्या वीकेंडला दोरी ओवली. चार वेळा चुकली. पाचव्यांदा स्प्रिंग चक्रात अडकवताना ती उडून पंख्याच्या दिशेने गेली आणि पलंगाखाली अर्धा तास शोधली. सहाव्यांदा जमलं. नॉब फिरवला आणि गँग लोण्यातून फिरावा तसा फिरला. मग शेवटची रेघ बघून काटा बसवला.

बाबा मागे उभे होते. म्हणाले, "तिथे नाही. टिपक्यावर आण. बेचाळीस मीटरला टिपका यायला हवा."

तेव्हा लक्षात आलं की घोळ कुठे आहे. पूर्वी बाबांनी तंगूस घातला तेव्हा काटा त्या गोष्टीच्या हिशोबाने बसवला होता. आणि आता मी काटा काकांच्या पद्धतीने बसवला तर टिपका बेचाळीसच्या थोडा अलीकडे पडत होता. फरक किती? दोन मिलिमीटर.

दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं कोणालाही वाटेल. पण शॉर्टवेव्हच्या डायलवर तेवढ्यात एक अख्खा इतिहास बदलतो.

काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर होता. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे मोठे नेते तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा बावीस वर्षांची उषा मेहता आणि तिच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त ट्रान्समीटर उभा केला. राममनोहर लोहिया त्यांच्या पाठीशी होते, आणि शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांनी सामग्रीची मदत केली. २७ ऑगस्टला पहिलं प्रसारण झालं. पोलिसांच्या गाड्या माग काढायच्या म्हणून जागा वारंवार बदलायच्या. १२ नोव्हेंबरला धाड पडली आणि सगळं संपलं. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली.

आणि हेच महिने आमच्या भागात कसे होते? विजेची गोष्ट सांगितल्याशिवाय ते कळणार नाही.

खालापूर तालुक्यातल्या खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी पाइपातून पाचशे मीटरहून जास्त खाली येतं आणि टर्बाइन फिरवतं. १९२२ साली आमच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र सुरू झालं. तिथून सुटलेलं पाणी पेज नदीत येतं. त्या पाण्याने आमच्याकडे उन्हाळ्यातही भात होतो. पाणी आमच्याकडे राहिलं, वीज मात्र तारांवरून थेट मुंबईला, गिरण्यांना आणि ट्रामला. शेताच्या डोक्यावरून लाखभर व्होल्ट जायचे आणि खाली घरात रॉकेलची चिमणी.

माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांनी बेचाळीसच्या पावसाळ्यानंतर आझाद दस्ता उभा करून नेमके हे विजेचे मनोरेच पाडायला सुरुवात केली. मनोरा पडला की मुंबईतले कारखाने अडायचे. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाई कोतवाल तेव्हा तीस वर्षांचे होते. म्हणजे माझ्यापेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठे. (मी तिसाव्या वर्षी काय करत असेन? बहुधा अप्रेझलची वाट बघत.)

तेव्हा ज्या गावावरून या माणसांचे पाय गेले त्या गावात कोणी लपून काँग्रेस रेडिओ ऐकला असेल, ही गोष्ट अजिबात अशक्य नाही. म्हणूनच ती आमच्या घरात इतकी वर्षं टिकली. तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

पण दोन मिलिमीटर मला झोपू देईनात. प्रोडक्शनमध्ये एखादा आकडा जरासा चुकीचा येतो, सगळे म्हणतात राउंडिंग असेल, जाऊ दे. आणि मग रात्री दोन वाजता फोन येतो. तसं वाटायला लागलं.

मित्राकडून सिग्नल जनरेटर आणला. रेडिओला पॉवर द्यायची म्हणजे आणखी एक उद्योग. हा बॅटरीवरचा व्हॉल्व्ह सेट आहे. त्याला दोन वेगळे पुरवठे लागतात, व्हॉल्व्हचं फिलॅमेंट तापवायला दीड व्होल्ट आणि प्लेटला नव्वद व्होल्ट. पूर्वी या दोन्हींचा मिळून विटेएवढा ड्राय बॅटरी पॅक यायचा. आता तो मिळत नाही. म्हणून स्मोक डिटेक्टरला लागतात त्या नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, झाले नव्वद. फिलॅमेंटला टॉर्चचा एक मोठा सेल. दोन्हींच्या वायरी चुकून उलटसुलट लागल्या तर चारही व्हॉल्व्ह एका क्षणात जातात. आणि नव्वद व्होल्टचा झटका डीसी असला तरी चांगलाच लागतो, हे अनुभवाने सांगतो.

दोन गळके कंडेन्सर बदलले. मग जनरेटरवर ७.०८ मेगाहर्ट्झ लावले. हे कुठून आलं? २९९.८ ला मीटरने भागा की मेगाहर्ट्झ मिळतात. ४२.३४ मीटर म्हणजे ७.०८. शिट्टी ऐकू आली तेव्हा काटा टिपक्याच्या दोन मिलिमीटर पलीकडे होता. मग फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत नेली. काटा बरोबर टिपक्याखाली आला तेव्हा जनरेटरवर आकडा होता ७.१९.

४१.७० मीटर.

जुन्या हिंदी गाण्यांचा ज्यांना नाद आहे ते इथे एव्हाना हसले असतील. ४१ मीटर बँड, ७१९० किलोहर्ट्झ. रेडिओ सिलोन!

अर्थात एवढ्याने काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. साठ वर्षांत ऑसिलेटर सरकू शकतो. काटा काचेच्या मागे आणि टिपका काचेच्या पुढे, म्हणजे डोकं थोडं हललं तरी अर्धा मिलिमीटर फरक. दोन मिलिमीटरवर कोणाला पणजोबांविरुद्ध साक्ष देता येत नाही.

मग टॉर्च घेऊन पेटीच्या आत बघितलं. तळाला एक कागद चिकटवलेला होता, अर्धा वाळवीने खाल्लेला. व्हॉल्व्ह कुठे बसवायचे त्याचा नकाशा. डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६. ही बॅटरी वाचवणारी मालिका १९५० च्या दशकात बाजारात आली. व्हॉल्व्ह मागाहून बदलले असं म्हणावं तर पेटीत छापील कागदच त्यांच्या नावाचा. खाली कोपऱ्यात 'मेड इन इंडिया'.

म्हणजे १९४२ साली हा रेडिओ या जगात नव्हता.

खरं सांगू? आनंद झाला नाही. बग सापडल्यावर होतो तसा थोडा झाला, आणि मग आठवलं की बाहेर पडवीत बाबा शाळेसाठी पाटी रंगवत बसलेत. 'याच रेडिओवर १९४२ साली...' एवढं लिहून झालं होतं.

मी आधी आजीकडे गेलो. आजी आता पंच्याऐंशीची आहे. कान थोडे कमी आहेत, आठवण पक्की आहे. विचारलं, "आजी, हा रेडिओ घरात कधी आला गं?"

"माझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी. साठला लग्न, एकसष्टला रेडिओ. भाताचे पैसे आले होते. कर्जतहून बैलगाडीतून आणला."

"मग बेचाळीस साली पणजोबांनी..."

"मामंजींनी कुठे ऐकला असेल तर असेल. नेरळला जायचे ते, बाजाराला. याच्यावर कसा ऐकतील? हा माझ्या डोळ्यांदेखत आलाय."

"आजपर्यंत बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं कुठे?"

आणि मग टिपक्याबद्दल विचारलं. आजी हसली, पदर तोंडाला लावला. "अरे मेल्या, ते मेण-कुंकू आहे."

आजीच्या पिढीतल्या बायका कपाळावर आधी मेण लावायच्या आणि त्यावर कुंकू. तेच बोट तिने काचेला टेकवलं होतं.

गोष्ट अशी. बॅटरी महाग. पणजोबांचा नियम, रेडिओ फक्त बातम्यांना. बासष्टला चीनचं युद्ध झालं तेव्हा पडवीत अर्धं गाव बसायचं. पण बुधवारी रात्री आठ वाजता सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. पणजोबा त्या वेळी देवळात भजनाला. आजीकडे एक तास. त्यात नॉब फिरवत, खरखर ऐकत स्टेशन शोधण्यात बॅटरी घालवणं परवडणारं नव्हतं. म्हणून एका बुधवारी सिलोन स्वच्छ लागलं तेव्हा तिने काट्याच्या समोर खूण करून ठेवली. पुढच्या बुधवारी काटा सरळ टिपक्यावर. आवाज अगदी बारीक, कान जाळीला लावून.

"आणि आजोबा?"

"ते दाराशी बसायचे. मामंजी येताना दिसले की खाकरायचे."

गीतमाला १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली. त्याच वर्षी बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले, आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. शास्त्रीय संगीत ऐका म्हणाले. लोकांनी काटा कोलंबोकडे वळवला. १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली ती या सिलोनवर उतारा म्हणूनच. आणि सिलोनकडे एवढी ताकदवान यंत्रणा आली कुठून? दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटनच्या सैन्यासाठी कोलंबोत उभारलेलं रेडिओ सीॲक हे स्टेशन युद्ध संपल्यावर तिथल्या सरकारच्या हाती आलं. सैनिकांसाठीचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर पुढे लताबाई आणि रफी पोचवू लागला, अगदी वीज नसलेल्या कशेळ्यापर्यंत.

गंमत बघा. १९४२ च्या मुंबईत एक बावीस वर्षांची मुलगी सरकारला चुकवून ४२.३४ मीटरवर बोलत होती. वीस वर्षांनी कशेळ्यात दुसरी एक बावीस वर्षांची मुलगी सासऱ्यांना चुकवून ४१.७० वर ऐकत होती. दोघींची बरोबरी मी करत नाहीये. एकीने तुरुंग भोगला, दुसरीने फार तर बोलणी खाल्ली असती. पण आमच्या घरात या रेडिओचा इतिहास सांगताना पुरुषाचं नाव आपोआप घातलं गेलं, कोणी मुद्दाम नाही. आणि ज्या बाईने खूण केली ती साठ वर्षं शेजारच्या खोलीत गोष्ट ऐकत होती. हे काही मला बरोबर वाटलं नाही.

बाबांना सांगणं बाकी होतं. सांगितलं. व्हॉल्व्हचा कागद दाखवला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लायसन्सचं पुस्तक बघितलंस का?"

१९३३ च्या कायद्यापासून रेडिओ ठेवायला लायसन्स लागायचं, हे आता आपल्या पिढीला खरं वाटत नाही. पोस्टात दरवर्षी फी भरायची, पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकात हे प्रकरण बंद झालं. आजीच्या ट्रंकेत तळाशी ते पुस्तक निघालं, आजोबांच्या नावाचं. पत्ता तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा. (रायगड नाव १९८१ ला आलं.) पहिला शिक्का १९६१.

बाबांनी पुस्तक मिटलं. "म्हणजे मी इतकी वर्षं खोटंच सांगत होतो."

मी म्हटलं, "खोटं नाही बाबा. ऐकलेलं सांगत होतात."

ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, आता रेडिओ शाळेत जात नाही. अर्ध्या तासाने आले तेव्हा हातात पाटी होती, पहिली ओळ पुसलेली. म्हणाले, "काय लिहायचं ते तू सांग. पण जेवढं खरं आहे तेवढंच."

आम्ही तिघांनी मिळून लिहिलं. 'हा रेडिओ आमच्या घरी १९६१ साली आला. गावात तेव्हा वीज नव्हती, म्हणून हा बॅटरीवर चालतो. यावर गावाने १९६२ च्या युद्धाच्या बातम्या ऐकल्या. काचेवरची खूण आमच्या आजीने रेडिओ सिलोन लवकर सापडावं म्हणून केली.' शेजारी दुसऱ्या कागदावर काँग्रेस रेडिओ आणि भाई कोतवालांची माहिती, वेगळी. त्यांना आमच्या रेडिओच्या आधाराची गरज नाही, असं बाबाच म्हणाले.

काटा मी शेवटच्या रेघेवर बसवला तिथेच आहे. चिमटीवर नेलपॉलिशचा एक थेंब टाकला, म्हणजे परत सरकायला नको. काच आतून पुसली नाही, आणि टिपक्याच्या आसपास बाहेरूनही नाही.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री पडवीत जुनी तांब्याच्या जाळीची एरियल बांधली आणि रेडिओ लावला. आधी क्षणभर शांतता, मग खरखर. काटा टिपक्यावर नेला. नुसती खरखर, बाकी काही नाही. मग मीडियम वेव्हवर आणला, तिथे दूरवरून कोणीतरी मराठीत बोलत होतं. मुलांना दाखवायला तेवढं पुरे होतं.

आजी म्हणाली, "ते परत टिपक्यावर कर."

"आजी, तिथे काही लागत नाही आता. अमीन सयानी पण गेले, २०२४ ला."

"माहितीये मला. कर."

केलं. ती कान जाळीला लावून बसली. बाबा दाराशी बसले होते, त्यांनी उगाच एकदा खाकरलं.

असो. सोमवारी रिलीज आहे. झोपतो.